बारा नावांची एकच पाटी

तापीकाठच्या एका गावात मुलींची एक शाळा होती आणि त्या शाळेत हेमलताबाई भंगाळे गणित शिकवत. लहानपणी त्या इथेच शिकल्या होत्या. इंटरनेट फोनच्या तारेतून किरकिरत यायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट.

शाळेला पन्नास वर्षं झाली. हेमलताबाईंनी पुस्तकं वाचून, रात्रंदिवस डोकं घालून शाळेचं वेब पान तयार केलं. त्यात शाळा उभी करणाऱ्या बारा जणांचे फोटो होते. दर चार सेकंदांनी फोटो बदलायचा आणि खाली त्या माणसाचं नाव उमटायचं. घरी त्यांनी एकाच फोटोवर तपासून पाहिलं. नाव बरोबर आलं. बाई खूश झाल्या.

समारंभाच्या सकाळी सभागृहाच्या भिंतीवर पान दिसू लागलं. पहिला फोटो संस्थापकांचा. खाली नाव आलं, 'चंद्रभागा तायडे'. दुसरा फोटो पहिल्या मुख्याध्यापिकांचा. खाली पुन्हा चंद्रभागा तायडे! तिसरा, चौथा, तेच. सभागृहात खसखस पिकली.

चंद्रभागा तायडे म्हणजे भागामावशी. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत पाणी भरलं, घंटा दिली. यादीत त्यांचं नाव शेवटचं होतं. त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, तिथून भिंतीवरची अक्षरं नीट दिसत नव्हती. लोक का हसताहेत, ते त्यांनी शेजारणीला विचारलं, आणि उत्तर ऐकून पदर सावरत उठल्याच.

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब पुढे आले. "बाई, ते शेवटचं नाव काढून टाका. सगळा घोळ त्याच नावाचा आहे."

"संगणकच बिघडलाय," हेमलताबाई पुटपुटल्या. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. मावशी खाली मान घालून चपला शोधत होत्या.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी माइक हातात घेतला. "चूक मावशींच्या नावाची नाही आणि संगणकाचीही नाही. ती माझी आहे. नाव कुणाचंच काढायचं नाही. मला अर्धा तास द्या."

चहाची सुट्टी झाली. बाई डोकं धरून संगणकापुढे बसल्या. मावशी दारातून परतल्या आणि बाजूच्या स्टुलावर टेकल्या.

"हेमा, एवढी कशाला घाबरतेस? अगं, मोठ्या बाईंच्या, आपल्या पहिल्या मुख्याध्यापिकांच्या हातूनही असंच झालं होतं. रोज त्या बारा वर्गांचे बारा निरोप बारा चिठ्ठ्यांवर लिहून द्यायच्या. एकदा कागद संपला, म्हणून पाटी घेतली. एक निरोप लिहिला, पुसला, दुसरा लिहिला. मी तिकडे पाणी भरत होते. सवड मिळाल्यावर गेले, पाटी उचलली आणि सगळ्या वर्गांना दाखवत फिरले. तेव्हा मला कुठं वाचता यायचं! शेवटचा निरोप होता, 'उद्या तुम्हाला सुट्टी.' दुसऱ्या दिवशी शाळेत मी आणि मोठ्या बाई, दोघीच!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग हेमलताबाई एकदम थांबल्या.

त्यांनी बारा टायमर लावले होते, प्रत्येक फोटोला एक. पहिला चार सेकंदांनी जागा होणार, दुसरा आठ, असे. पण नाव ठेवायला जागा मात्र एकच केली होती. बाराही टायमर पापणी लवायच्या आत लावून झाले, आणि तेवढ्यात त्या जागेत एकावर एक बारा नावं लिहिली गेली, आधीची पुसून. पुढे टायमर एकेक करून जागे झाले आणि त्या जागेत बघू लागले, तर तिथं शेवटचं नाव! ते काढलं असतं, तर अकरावं सगळ्यांच्या खाली आलं असतं.

बाईंनी एक छोटं फंक्शन, म्हणजे संगणकाला हवं तेव्हा द्यायच्या आज्ञांचा गठ्ठा, लिहिलं. टायमर लावताना दर खेपेला त्या फंक्शनला एक नाव द्यायचं, म्हणजे प्रत्येक टायमरजवळ स्वतःचं नाव स्वतंत्र राहील. चार ओळींचं काम.

सुट्टीनंतर पान पुन्हा लागलं. संस्थापकांच्या खाली संस्थापकांचं नाव आलं, मोठ्या बाईंच्या खाली मोठ्या बाईंचं. शेवटी मावशींचा फोटो आणि त्यांचं नाव येताच सभागृह उभं राहिलं. पहिली टाळी दादासाहेबांची होती.

दुपारी खुर्च्या उचलल्या गेल्या, सभागृह रिकामं झालं. मावशी मात्र हलेनात.

"हेमा, पुन्हा एकदा लाव की. यातले आठ जण आता नाहीत गं. चार सेकंदांत काय भेटणार ते?"

हेमलताबाईंनी चार सेकंदांचं एक मिनिट केलं आणि मावशींच्या शेजारी येऊन बसल्या. प्रत्येक फोटोला मावशी एकेक आठवण सांगत राहिल्या.

तात्पर्य: जे काम पुढे व्हायचं आहे, त्याला लागणारं सगळं आजच त्याच्या स्वतःच्या हाती द्यावं, आणि ते द्यायचं राहिलं, तर चूक आपल्या पदरात घ्यावी, दुसऱ्याचं नाव पुसू नये.