उघडे डबे

“पण थांबायचं म्हणजे किती थांबायचं, बाई?”

निनादने पुन्हा तेच विचारलं. उभ्यानेच. सकाळपासून त्याला बसणं जमतच नव्हतं.

उगारे बाई सतरंजीवर बसून झोपाळ्याच्या दोरीची गाठ सोडवत होत्या. गाठ घट्ट बसली होती. त्यांनी मान वर केली नाही.

सांगलीच्या हळद पेठेत एका जुन्या गोदामाच्या माडीवर बाईंचं केंद्र होतं. ऑटिझम असलेली अगदी लहान मुलं तिथे येत, दोन-अडीच वर्षांची, तीन वर्षांची. सोबत त्यांच्या आया, क्वचित एखादा बापही. खाली हमालांची आरडाओरड चाले आणि वर मुलांचं शिकणं. हळदीचा वास अंगाला चिकटून पार घरापर्यंत जाई.

निनाद कोल्हटकर मुंबईहून पदवी घेऊन बाईंच्या हाताखाली शिकायला आला होता. पोरगा हुशार होता. तसं कुणी म्हणालं, तर तो नाकारायचाही नाही.

“संध्याकाळी पुण्याहून समरचा मामा गाडी घेऊन येतोय,” तो म्हणाला. “त्याच्याकडे राहायची सोय आहे. तिथलं केंद्र दिवसभराचं आहे. सगळं ठरलंय, फक्त तुम्ही हो म्हणायचं राहिलंय. आणि तुम्ही नुसतं ‘थांब’ म्हणता.”

“आई जाणार बरोबर?”

“तिला कसं जमेल? सासू अंथरुणाला खिळलेली आहे. आई इथेच राहील.”

“हं...”

“समर तीन वर्षांचा झालाय, बाई. जे करायचं ते आत्ताच करायचं. हे वय परत येत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं.”

“मग? इथे तासभर मिळतो. तिथे दिवसभर मिळेल.”

“आणि घरी?”

निनाद हसला. “घरी शिकलेलं कोण आहे?”

बाईंनी दोरी खाली ठेवली. पुन्हा उचलली.

समर भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारत होता. कोपऱ्यात पोचला की खाली बसायचा, स्टीलचं एक झाकण जमिनीवर गरगर फिरवायचा, ते पडलं की उचलून पुढच्या कोपऱ्याकडे निघायचा. खाली हातगाडी खडखडली, तसे त्याने कान झाकून घेतले.

“बाई, तो आला तेव्हा कुणाकडेही बघत नव्हता,” निनाद म्हणाला. “आता बघा.”

त्याने खिशातून बिस्किट काढलं, स्वतःच्या भुवईपाशी धरलं आणि हाक मारली, “समर!”

समरने वर पाहिलं. सरळ. बिस्किट त्याच्या हातात पडलं.

“पुन्हा. समर!”

पुन्हा पाहिलं. पुन्हा बिस्किट.

निनादने बाईंकडे पाहिलं. आता तरी काहीतरी बोलतील, असं त्याला वाटलं. बाईंनी दाराकडे बघून हाक मारली.

“शालन, आत ये गं.”

समरची आई बाहेर बाकावर बसली होती. तासगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून ती एसटीने यायची. आज तिच्या मांडीवर एक बॅग होती, आणि ती बॅग घट्ट धरूनच ती आत आली.

“घरी बघतो का तो?” बाईंनी विचारलं.

“बगतो की.”

“तुझ्याकडे?”

शालनने आधी निनादकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

“हितं बगतो.” तिने स्वतःच्या भुवईशेजारी बोट ठेवलं. “माज्याकडं न्हाई, हितं. किती तरी येळ बगतो. आन मग लई रडतो. का रडतो, काय कळंना, बाई.”

झाकण तेवढं फिरत होतं.

निनादचे कान लाल झाले.

“सवय लागलीय ती,” तो घाईघाईने म्हणाला. “मोडता येते. म्हणून तर तास वाढवायला हवेत. पुण्याला...”

“बॅगेत काय आहे, शालन?” बाईंनी मधेच विचारलं.

“त्याची कापडं. आन झाकणं.”

“झाकणं?”

शालनने बॅग उघडून दाखवली. कपड्यांच्या वर स्टीलची झाकणं रचलेली होती, मोठी, लहान, एक चेपलेलं.

“घरातली समदी आणलीयात. ह्याला आमचीच लागत्यात. दुसरं दिलं तर हात लावत न्हाई. तिथं परक्या घरात रातचं उठून बसला, तर कोण काय देणार त्याला?”

“आणि डबे?”

“उगडेच ऱ्हायलेत.” ती हसायला गेली. हसू अर्ध्यावरच राहिलं. “डाळीचा, साखरंचा, समदे उगडे. मुंग्या लागतील. लागू द्यात.”

निनादने खिडकीबाहेर पाहिलं. पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“निनाद,” बाई म्हणाल्या, “जा, त्याच्याजवळ बस. काही मागू नकोस.”

“म्हणजे काय करू?”

“काही मागू नकोस.”

तो जाऊन समरशेजारी बसला. समर झाकण फिरवत राहिला.

“समर, झाकण दे बरं.”

“ऊठ,” बाई म्हणाल्या.

तो उठला. पुन्हा बसला. या वेळी ओठ घट्ट मिटून.

“ऊठ.”

“मी एक शब्द बोललो नाही, बाई!”

“हात पुढे केलास.”

निनाद चिडला. आपल्याला शालनच्या देखत पोरासारखं वागवताहेत, असं त्याला वाटलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलंही. तरी तो पुन्हा बसला. मांडी घातली, बदलली. पायाला मुंग्या आल्या. खाली कुणीतरी पोती मोजत मोठमोठ्याने आकडे म्हणत होतं. संध्याकाळ जवळ येत होती, मामा वाटेत असणार, आणि आपण इथे एका झाकणाकडे बघत बसलोय... शेवटी हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने बॅगेतलं एक झाकण ओढलं आणि फिरवलं.

धड फिरलं नाही. तिरकं धावत जाऊन भिंतीवर आपटलं आणि खणखणत आडवं झालं.

समर थांबला.

त्याने त्या झाकणाकडे पाहिलं. मग निनादकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत. भुवईपाशी काहीच नव्हतं.

“शाब्बास!”

निनादचा हात खिशात जाऊन भुवईपाशी आलासुद्धा. समरचे डोळे बिस्किटाकडे वळले, आणि तिथेच राहिले.

बाई उठल्या. जवळ आल्या. निनादच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि स्वतः खाल्लं.

“मऊ पडलंय,” त्या म्हणाल्या.

आणि जाऊन पुन्हा दोरी घेऊन बसल्या.

निनाद हाताकडे बघत राहिला. रिकाम्या.

“आपोआप गेला, बाई... हात.”

“हं.”

“तो माझ्याकडे बघत होता.”

“बघत होता.”

निनादला एकदम रडू येईलसं झालं. इतके दिवस ज्याच्यासाठी धडपडत होता, ते न मागता समोर आलं होतं, आणि त्याने ते स्वतःच्या हाताने परतवलं होतं. तो उठून शालनपाशी गेला.

“शालनताई, तुम्ही बसा ना त्याच्याजवळ.”

“मी?” ती मागे सरली. “मला काय येतंय त्यातलं, सर?”

“मलाही येत नाही,” तो म्हणाला.

शालन बसली. पदर खोचला. बॅगेतलं ते चेपलेलं झाकण तिने घेतलं आणि फिरवलं. ते उड्या मारत थेट सतरंजीखाली घुसलं.

“आगं बया! पळालं की रं!”

ती मनापासून हसली. समरने तिच्याकडे पाहिलं. मग तो गेला, सतरंजी उचकटली, झाकण काढलं आणि आणून तिच्या तळहातावर ठेवलं. तिचं बोट धरून ते झाकणावर टेकवलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

भुवईकडे नाही, हे शालनला कळलं होतं. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. झाकण फिरवलं.

निनादचा हात खिशाकडे निघाला होता. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला.

झाकण पडलं. समरने उचलून दिलं. पुन्हा पडलं. पुन्हा दिलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

शालनला तो ऐकूच गेला नाही. समरने एक हात कानावर ठेवला. दुसऱ्या हाताने झाकण आईकडे सरकवलं.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी जरा जास्त वेळ.

निनाद हळूच उठून बाईंपाशी आला. गाठ सुटली होती. बाई दोरी झटकत होत्या.

“बाई, मामा आला...” तो कुजबुजला. “काय सांगू त्याला?”

बाईंनी दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दुसरं झोपाळ्याच्या कडीत अडकवलं.

“सांग... घरी डबे उघडे पडलेत. झाकणं घरीच जाणार.”