दुसरी सही

"...तर मग सांगा मॅडम, आता यात चूक शिरायला जागा तरी कुठे उरली?"

निनाद पोफळीनं टॅब वैरागडे मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि कमरेवर हात घेऊन उभा राहिला. गडी नुसता फुलून आला होता.

नागपूरच्या त्या हँगरमध्ये विमानं दुरुस्तीला येत. कोणतं काम किती उड्डाणांनी करायचं, कोणत्या क्रमानं, कोणत्या हत्यारानं, हे सगळं निनादनं रात्रंदिवस खपून सॉफ्टवेअरमध्ये बसवलं होतं. एकानं काम करून पहिली सही करायची. दुसऱ्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून दुसरी करायची. दोन्ही सह्या पडल्या की ओळ हिरवी. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या की विमान उडायला मोकळं.

"एक सही जरी राहिली ना, तरी माझी सिस्टीम विमान सोडत नाही. कोणी डोकं आपटलं तरी नाही!"

"छान आहे," मॅडम म्हणाल्या.

नुसतं छान? स्वारीचा चेहरा पडला.

त्याला हवा होता होकार. आजवर कोणतंही विमान सोडण्याआधी मॅडम टॉर्च घेऊन त्याभोवती एक शेवटची फेरी मारत. मॅडमनी हो म्हटलं की आज एका विमानावर चाचणीला असलेली निनादची सिस्टीम सोमवारपासून सगळीकडे चालू आणि ही फेरी बंद, असं मोठ्या साहेबांनी, काळमेघांनी, त्याला कबूल केलं होतं.

"मग कळवू ना साहेबांना? तुमचा होकार आहे म्हणून?"

मॅडमनी खणातली टॉर्च उचलली.

"मॅडम...?"

"आज शेपटीतलं एक काम माझ्याकडे आहे. त्यावर दुसरी सही कोणाची?"

"माझीच की."

"चल मग."

निनादही इंजिनिअरच होता, आणि हातात पाना धरायला त्याला मॅडमनीच शिकवलं होतं. दर गुरुपौर्णिमेला हा पठ्ठ्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या टेबलाशी हजर. लोक हसले तरी वाकून नमस्कार करणार म्हणजे करणार.

मॅडम शिडीच्या मचाणावर चढल्या. निनाद खाली उभा राहून टॅबवरच्या आपल्याच हिरव्या ओळी कौतुकानं बघत राहिला. आईनं पोराकडे बघावं तसा.

थोड्या वेळानं मॅडम उतरल्या. टॅबवर त्यांनी पहिली सही केली.

"माझं झालं. आता तुझं."

निनाद हसला. "तुमचं काम मी बघायचं? काहीतरीच काय, मॅडम!"

त्यानं कानाच्या पाळीला हात लावला आणि त्याच बोटानं सही ठोकली.

ती शेवटची ओळही हिरवी झाली. विमान मोकळं झालं.

"वर चढलास?" मॅडमनी विचारलं.

"तुमची सही आहे ना तिथं."

"वर चढलास का?"

"मॅडम, आता तुमच्यावर अविश्वास दाखवू? पाप लागेल मला!"

मॅडमनी मूठ उघडली.

तळहातावर एक नट होता. आणि तो नट सैल होऊ नये म्हणून त्यात अडकवायची पिन.

...

क्षणभर निनादला काही उमगलंच नाही. मग उमगलं. ज्या दांड्याच्या जोरावर विमानाचं नाक वर-खाली होतं, त्या दांड्याच्या बोल्टचा हा नट. तो नसेल तर बोल्ट हादऱ्यानं हळूहळू सरकत जाणार. कुठेतरी, आभाळात, तो बाहेर पडणार.

"हे... हे वर नाहीये?"

"हे इथे आहे."

तो शिडीकडे धावला. दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा फुटला, त्याची शुद्धही नव्हती. वर उघड्या झाकणातून बोल्टचं टोक दिसत होतं. बोडकं. त्यानं बोट लावलं तर तो मुकाट मागे सरकला.

संध्याकाळी याच विमानात माणसं बसणार होती. लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, खिडकीसाठी भांडणारी पोरं. आणि ते मोकळं सोडलं होतं त्यानं. हसत हसत.

"मॅडम!" मचाणावरूनच तो ओरडला. आवाज फाटला. "तुम्ही... तुम्ही खोटी सही केलीत?"

"केली. आणि तू?"

या बाईंनी साधं फडकंसुद्धा कधी जागा सोडून ठेवलेलं हँगरनं पाहिलं नव्हतं. त्या खोटी सही करतील असं देवानं येऊन सांगितलं असतं, तरी निनादनं देवाला वेड्यात काढलं असतं.

कसाबसा तो खाली उतरला. एक मात्र खरं, पोरानं पहिला विचार स्वतःचा केला नाही.

"मॅडम, नट आत्ताच्या आत्ता बसवू. दोन्ही सह्या मी पुसून टाकतो. या कानाची खबर त्या कानाला लागणार नाही. तुमची निवृत्ती तोंडावर आली, आता डाग कशाला?"

मॅडमनी झटकन वर पाहिलं. आता हबकण्याची पाळी त्यांची होती.

"सही पुसता येते?"

"फक्त मला येते. सिस्टीम मी बनवली ना."

"आणि पुसली हे कोणाला दिसत नाही?"

"नाही, कोण्णाला..."

आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. मघाशी याच तोंडानं तो विचारत होता, चूक शिरायला जागा कुठे उरली!

मॅडमनी फोन लावला.

"काळमेघ साहेब, वैरागडे बोलते. शेपटीच्या कामावर मी खोटी सही केली. पोफळीनं न बघता दुसरी केली. दोन्ही तशाच राहू द्या, कोणाला पुसू देऊ नका. विमान आज जाणार नाही. कामाला हात घालायच्या आधीच मी कॉकपिटला लाल पट्टी बांधून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या खिशात आहे."

फोनमधला आरडाओरडा निनादला उभ्या जागी ऐकू आला. "बाप्पा! मॅडम, तुम्ही? शुद्धीवर आहात ना?"

"आहे."

"दोघांच्याही सह्या या मिनिटापासून बंद! चौकशी बसेल, सांगून ठेवतो!"

"बसवा."

फोन बंद झाला. निनादच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"काहून केलं असं, मॅडम? एवढ्या वर्षांची तुमची अब्रू... नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

"नसतं ऐकलंस. मान डोलावली असतीस."

...

मॅडम पुन्हा वर चढल्या. पान्याचे कटकट आवाज येत राहिले. मग त्या उतरल्या, हात पुसले.

"हे काम दुसरी माणसं येऊन नव्यानं करतील. सह्या त्यांच्या. पण ते येईपर्यंत तू चढ. सही-बिही काही नाही. नुसतं बघून ये."

त्यांनी टॉर्च त्याच्या हातात दिली. निनाद चढला.

या खेपेला त्यानं कसूर केली नाही. उजेड पाडला, बोल्ट हलवून पाहिला. नटावर बोट फिरवलं. पिन आरपार गेली आहे ना, तिचे दोन्ही पाय नीट वाकवले आहेत ना, तेही चाचपलं. परत एकदा सगळं पाहिलं. मग कुठे छातीवरचा धोंडा उतरला. ओल्या डोळ्यांनी हसतच तो भराभरा खाली आला.

"बघितलं, मॅडम! एकदम पक्कं. तसूभर चूक नाही."

"बरं वाटलं?"

"देवाशपथ, फार बरं वाटलं. जिवात जीव आला. मला ठाऊकच होतं, तुमच्या हातचं चुकणार नाही!"

मॅडमनी शिडीकडे बोट केलं.

"म्हणजे तू अजून मलाच बघून आलास. परत चढ."