वावळाची साल

“महाराज, हा जगला आहे की गेला, एवढंच सांगा...”

अच्युताने कुंडी सोमगिरी महाराजांच्या पुढ्यात ठेवली. कुंडीत रानातून काढलेला एक वावळ होता. उंची हातभर, खोड मात्र पिळदार, म्हाताऱ्यासारखे. पान एकही नव्हते.

महाराजांची संध्याकाळची पूजा नुकतीच आटोपली होती. मठाच्या अंगणात त्यांनी जोपासलेले वामनवृक्ष होते. पिंपळ, उंबर, वड, सारे लहान कुंड्यांत नांदणारे. अच्युताचा मात्र हा पहिलाच.

“कुठला हा?”

“घाटातल्या कड्यावरचा. रस्त्यासाठी कडा सुरुंगानं फोडणार होते. दोराला लोंबकळून काढला, महाराज. मठात दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती!”

“दोराचं कौतुक दोराला सांग. झाडाचं बोल.”

अच्युताचा आवाज उतरला.

“मुळं बरीच तुटली. तेव्हापासून असाच उभा आहे. कड्यावर राहता, तर सुरुंगानं नेला असता. आता गेला, तर... माझ्या हातून गेला.”

महाराजांनी खोडावरून बोट फिरवले. ते जागोजागी अडले.

“हे काय?”

“नखानं साल खरवडून पाहतो. आत हिरवं दिसलं, की जीव आहे असं समजायचं.”

“मग, दिसलं?”

“सकाळी दिसलं. पण दुपारी पुन्हा शंका आली...”

“आणि दुपारी?”

“हिरवंच होतं.”

“अरे, वैद्य नाडी धरून पाहतो. तू तर नाडी उकरून पाहतोस!”

अच्युताने बोटे मुठीत लपवली.

सहाणेवर पूजेचे थोडे गंध उरले होते. महाराजांनी ते बोटावर घेतले आणि देवाला लावावे तसे एकेका ओरखड्याला लावू लागले.

“गंधानं जखम भरते, महाराज?”

“ठाऊक नाही. देवाला तरी कुठे ताप चढलेला असतो?”

मग त्यांनी फांद्या छाटायची लहान कात्री उचलली.

अच्युत एकदम पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी कुंडी कवटाळली.

“नको, महाराज! छाटू नका... असेल जीव. मी पुन्हा विचारणार नाही, पण छाटू नका!”

महाराजांनी मोकळा हात पुढे केला.

“हात दे.”

“माझा?”

“मग काय झाडाचा? दे इकडे.”

अच्युताने उजवा हात पुढे केला. महाराजांनी तो मांडीवर घेतला आणि आई तान्ह्याची काढते तशी, फार जपून, त्याची नखे काढली. अंगठ्याच्या नखात सालीचा एक हिरवा कण अडकला होता. तो त्यांनी वावळाच्या बुंध्याशी, मातीत ठेवला.

मग दुसरा हात.

अच्युताचे डोळे भरून आले. त्याने बोथट झालेली बोटे खोडावर टेकवली. साल थंड होती, गंधाने ओलसर. बाकी काहीच कळेना.

“महाराज... मग मला कळणार कसं?”

महाराजांनी कात्री पुसून ठेवली.

“आधी त्याला तर कळू दे.”