केरबाचं पान

"आणि बाकीची पानं कुठं आहेत, मास्तर?"

धनाजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा हसून विचारलं होतं, दुसऱ्यांदा घसा खाकरून. आता त्याचा आवाज चढला होता.

मास्तर खिडकीपाशी पावटे सोलत बसले होते.

"दिली," ते म्हणाले.

"दिली म्हणजे?"

"दिली म्हणजे दिली."

मी दारातच उभी होते. पुढच्या महिन्याची वही द्यायला आले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं. सांगोवांगीचं नाही.

मी गोदा. शिदूमास्तरांच्या घराला लागून माझं बाइंडिंगचं दुकान. मास्तर इथं आजऱ्यात हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. बावीस वर्षं झाली, त्यांना महिन्याला एक वही लागते, चित्रांची. दिवसाला एक पान. तीस दिवसांचा महिना असेल तर तीस पानं, एकतीसचा असेल तर एकतीस. एकदा फेब्रुवारीत मी सवयीनं तीस पानं शिवली, तर दोन पानं सोडवून परत आणून दिली बहाद्दरानं. "हे दोन दिवस कुठनं आणू, गोदे?" म्हणाले.

त्या वहीत काय असतं? गाव असतं. बाजारात बसलेली भाजीवाली. कुणाची व्यालेली म्हैस. कुणाची नवी सायकल. पंक्चरवाला सुलेमान, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताना.

धनाजी रेडेकर हा मास्तरांचा सगळ्यात लाडका शिष्य. शाळेत असताना सावलीसारखा त्यांच्या मागं असायचा. चौदा वर्षांपूर्वी पुण्याला गेला आणि मोठा झाला. गावात धनाजी, पेपरात धनंजय. मला आनंदच आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

आज तो स्वतःच्या गाडीनं आला होता. सोबत झाकणाचा मोठा खोका आणि हातात पांढरे मोजे, लग्नातल्या बँडवाल्यासारखे. चहाचं विचारलं तर म्हणतो, "आधी वह्या, गोदाक्का."

पुण्यात तो मास्तरांच्या वह्यांचं प्रदर्शन भरवणार होता. शिवाय एक जाडजूड पुस्तक. एक गाव, बावीस वर्षं, महिन्यामागून महिना. हॉल ठरला होता, छापखाना ठरला होता, प्रस्तावना त्यानं स्वतः लिहून टाकली होती. फक्त वह्या तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या.

धनाजीनं मास्तरांची ट्रंक उघडली. पहिली वही काढली. आत चार पानं.

दुसरीत दोन.

तिसरीत सहा. बाकी सगळीकडे शिवणीपाशी नुसत्या फाटक्या कडा.

"उंदीर लागले का?" तो म्हणाला.

"नाही. माणसं लागली," मास्तर म्हणाले.

"मास्तर, थट्टा करू नका. माझा जीव टांगणीला लागलाय."

मग मीच सांगितलं त्याला, कारण मास्तरांच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून बादली काढणं. महिना संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वही बाहेर कट्ट्यावर ठेवतात. आत निघून जातात. ज्याचं चित्र असेल त्यानं यायचं, आपलं पान फाडायचं आणि न्यायचं. विचारायचंसुद्धा नाही. धनाजी पुण्याला गेला त्याच्या आधीपासूनचं हे, पण तेव्हा त्याचं लक्ष वहीत नसायचं, मास्तरांच्या हातात असायचं.

"आणि लोक नेतात?"

"नेतात म्हणजे काय! सुलेमाननं दुकानात खिळ्यानं ठोकलंय. सरूआत्तीनं नवऱ्याचं चित्र लुगड्याच्या घडीत ठेवलंय, तो गेल्यापासून. बेकरीवाल्यानं मात्र आपल्याच चित्रात टोस्ट बांधून दिले होते. मी भांडून आले त्याच्याशी."

"आणि मास्तर?"

"मास्तर हसले. म्हणाले, टोस्ट मोडले नाहीत ना?"

धनाजी मटकन खाली बसला.

"तुम्ही बावीस वर्षं वाटून टाकलीत," तो म्हणाला.

"हं."

"मी आता लोकांना काय तोंड दाखवू? माझ्या शब्दावर सगळं उभं राहिलंय. माझी अब्रू जाईल, मास्तर."

मास्तरांनी एक शेंग सोलली. दाणे किडके निघाले, बाजूला टाकले.

"तुम्हीच मला शिकवलंत ना… महिन्याला एक वही? मी एक महिना चुकवला नाही. चौदा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. काचेच्या कपाटात, नंबर घालून. एक पान फाटलेलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"अरेरे…" मास्तर म्हणाले.

मास्तरांचा चेष्टेचा आवाज मला ठाऊक आहे. हा तो नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"अरेरे काय त्यात?"

"चौदा वर्षांत कुणी एक पान मागितलं नाही, धनाजी?"

"मागितलं असतं तरी मी दिलं नसतं."

"ते पुढचं झालं. मागितलं का?"

धनाजी हातातले मोजे ओढून नीट करायला लागला.

मास्तर शेंगा सोलत राहिले.

मग त्यानं चौथी वही घेतली. रागातच घेतली. "आणि ही जी राहिलीत, ही कुणाची?"

"ज्यांचं कुणी आलं नाही त्यांची."

त्यानं पानं उलटली. विजेचा खांब. एक लंगडं कुत्रं. एसटी चुकलेला कुणी परगावचा माणूस, पिशवीवर डोकं ठेवून झोपलेला. पुढं पुढं गेला. चाळीसावी वही, पन्नासावी. खांब, कुत्रं… आणि नव्वदीच्या पुढं कुठंतरी पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसलेला एक माणूस.

त्यानं ते पान झटकन उलटलं. पुढची वही काढली. त्यातही तोच माणूस, तीच पायरी. पुढची काढली. त्यातही.

त्यानं हातातले मोजे काढून टाकले.

"हे तात्या आहेत," तो म्हणाला.

"हो."

"प्रत्येक वहीत?"

"तू गेलास तेव्हापासून. महिन्याला एक."

आता तात्या म्हणजे केरबा रेडेकर, धनाजीचा बाप. मागच्या गल्लीत त्याची गिरणी. आई लहानपणीच गेली, बापानंच वाढवला. बापाचं म्हणणं गिरणी चालव, याचं म्हणणं चित्रं काढणार. पुण्याला निघाला त्या दिवशी अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल असं हा बापाला म्हणाला होता, "तुमच्या पिठात मला मरायचं नाही." केरबातात्या आत गेला. पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. त्यानंतर हा गावात आला तो आजच. दिवाळीला एक फोन. बरे आहात का? बरा आहे. संपलं. आजसुद्धा बापाच्या दारावरून न जाता लांबच्या रस्त्यानं गाडी घातली होती यानं, मी बघितलं ना!

"तात्यांनी आपलं पान का नेलं नाही?" धनाजीनं विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्यानं राहवेना. "येतो की रे तो, दर महिन्याला. सगळे येऊन गेले की येतो. धोतराला हात पुसतो, वही उघडतो, आपलं पान बघतो आणि वही मिटून परत ठेवतो. मी एकदा म्हटलं, तात्या, तुमचं पान न्या की. तर म्हणाला, माझं कसलं ते? माझं तोंड मी रोज आरशात बघतोय. ज्याला दिसत न्हाई त्याचं हाय ते. आला की न्हेईल."

धनाजीनं सगळ्या वह्या बाहेर काढल्या. एकेक उघडून जमिनीवर मांडायला लागला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तरांनी पाय वर घेतले. मी दारातून बाहेर सरकले, जागाच उरली नाही.

पहिल्या पानांत केरबातात्या ताठ होता. दाट केस, बाह्या दुमडलेल्या. मग केस विरळ झाले. मग खांदे उतरले. मग बाजूला काठी आली. धनाजी गुडघ्यांवर सरकत सरकत बघत होता. शेवटच्या रांगेशी आला आणि हसला, डोळ्यांत पाणी असून हसला.

"भुवया बघा. शेवटपर्यंत पिठानं भरलेल्या. पुसा म्हटलं तरी पुसायचे नाहीत कधी."

"धनाजी," मी म्हटलं, "गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली रे."

त्यानं मान वर केली.

"ते पीठ नाही."

त्यानं खाली वाकून परत बघितलं. मग दुसरं पान बघितलं. मग कुठंच बघेना.

मला वाटलं, आता उठेल, जाईल. पण माणसाची सवय मोठी वाईट. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले, उभा राहिला आणि वरून सगळ्या पानांकडे बघायला लागला, गवंडी भिंतीकडे बघतो तसा. त्याचा चेहराच बदलला.

"मास्तर… हेच पुस्तक आहे."

"काय?"

"एकच माणूस, चौदा वर्षं, दर महिन्याला एक चित्र. असं कुणी केलेलं नाही. बाकीची पानं गेली तर जाऊ देत. ही भिंतीवर लागली ना, लोक हलणार नाहीत जागचे!" आणि खाली पडलेले ते मोजे परत हातात चढवायला लागला.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. बाप दीडशे पावलांवर बसलाय आणि हा मोजे घालतोय.

मास्तर चिडले नाहीत. त्यांचं न चिडणं बघून तर मी आणखीच चिडले.

"ने," ते म्हणाले. "तुझीच आहेत."

"मुखपृष्ठाला कुठलं घेऊ? सगळ्यात चांगलं कुठलं यातलं?"

"एकही नाही."

"असं कसं? ही रेषा बघा, हा हात बघा…"

"डोळे बघ."

धनाजी वाकला. एक पान उचललं, ठेवलं. दुसरं उचललं.

"कुठं बघतोय तो?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडे…" धनाजी म्हणाला. मग थांबला. "नाही. तुमच्याकडे नाही."

"चौदा वर्षं मी त्याचे डोळे काढायला बसतोय. जमले नाहीत. दर वेळी म्हणतो, केरबा, माझ्याकडे बघ. बघतो म्हणतो. आणि माझ्या खांद्यावरून मागं बघतो."

"मागं काय आहे?"

"स्टँडचा रस्ता."

धनाजीच्या एका हातात मोजा होता, दुसरा हात उघडाच. तो तसाच उभा राहिला. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मी मनात म्हणत होते, अरे जा की, जा की लेका.

मास्तर उठले. त्यांना उठायला वेळ लागतो हल्ली. फळीवरची या महिन्याची वही काढली, कोरं पान उघडलं आणि त्याच्यापुढं धरली.

"या महिन्याचा केरबा राहिलाय. तू काढ."

"मी?"

"मी कशाला जाऊ? तू समोर बसलास तर डोळे सरळ येतील."

धनाजीनं वही घेतली. छातीशी धरली, शाळेत धरायचा तशीच. उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं अडला. एवढा मोठा माणूस, दाढीत पांढरे केस, आणि पाय उचलेना.

"मास्तर… चौदा वर्षं झाली. मी समोर जाऊन काय बोलू?"

"काही बोलू नकोस. बस आणि काढ. घाई करू नकोस, तो हलायचा नाही. पापणीसुद्धा हलवत नाही."

"आणि काढून झाल्यावर?"

मास्तर परत खिडकीपाशी बसले. पावट्याच्या शेंगांचं सुपडं मांडीवर ओढलं.

"झालं की म्हण… तात्या, आता हललं तरी चालतंय."