गेलेला वास

माणसाच्या अंगातले अवयव आपसात मोकळेपणी भांडायचे, तेव्हाची ही गोष्ट.

हळद साठवायचं जमिनीतलं खोल पेव उघडलं, की साचलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, मग आत दिवा सोडून तो विझत नाही ना ते बघायचं आणि मगच आत उतरायचं. आनसाने पेव उघडताच तिचं नाक ओरडलं, “थांबा! कुजका वास येतोय!”

“मला तर हळद स्वच्छ दिसतेय,” डोळे म्हणाले. “तुझं रोजचंच आहे. काल ताकालासुद्धा घाबरलं होतंस.”

नाक ओशाळलं, कारण ते खरं होतं. तरी ते सांगत राहिलं, म्हणून आनसा काठावर बसून राहिली. हळूहळू वास कमी झाला, मग उरलाच नाही. नाकाने पुन्हापुन्हा हुंगून पाहिलं. आपलंच मेलं काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटलं.

“गेला वास,” ते हळूच म्हणालं.

“मग दिवा कशाला?” म्हणत हातांनी दोर धरला.

तळाशी पोचताच आनसाची छाती कोंडली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि हातांतून दोर सुटला.

तेवढ्यात तिची जाऊ आनसाचं भुकेलं बाळ घेऊन आली. पेवाजवळ येताच तिने पदर नाकाला लावला.

“अगं बया, केवढी घाण सुटलीय! आनसा, उतरली न्हाईस न्हवं?”

कान अजून जागे होते. त्यांनी जावेची हाक ऐकली, बाळाचं रडणंही ऐकलं.

“वास गेला नव्हता,” ते नाकाला म्हणाले. “तू दमलं होतंस.”

पण नाकातून आता श्वाससुद्धा जात-येत नव्हता.