राउटरची शेजारती

दोन रात्री मला झोप नव्हती. सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडणार होते: झोपताना प्रत्येकाने घरचा वायफायचा राउटर बंद करायचा, म्हणजे छत्तीस घरांची वीज वाचेल. पण अध्यक्ष दाभोळेकाकांपुढे माझी वाचाच बसते.

झालंही तसंच; ठराव कसाबसा वाचून संपवला. काका खुर्चीत रेलून म्हणाले, “सूनबाई, इंटरनेट ही सेवा आहे. सेवेत खंड पडून कसं चालेल?” सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव बुडालाच म्हणायचा.

“काका,” मी चाचरत विचारलं, “आपल्या दत्तमंदिरात रोजची शेजारती तुम्हीच करता ना?”

“चौदा वर्षं! एक दिवस चुकलेला नाही.”

“आणि मग?”

“मग काय? पडदा ओढतो, दिवे मालवतो. देवाला निजवायला नको?”

“देव निजला तरी तुमच्या सेवेत खंड पडत नाही. मग राउटरनेच तेवढं जागं का राहायचं?”

सभा खो खो हसली. काकाही हसले आणि ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला. मी ऐटीत मांडीवरच्या सहा वर्षांच्या रेणूकडे पाहिलं.

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पण आई, मग मला झोपवून तू पांघरुणात मालिका कशी बघणार?”