रांजणाची साक्ष

"तीन वर्षं वरची विद्या शिकला, आणि दुखऱ्या पायाऐवजी बऱ्या पायाला पट्टी बांधली! हा वैद्य म्हणायचा की चेष्टा?"

राजा प्रचंडदेव लंगडत लंगडत वैद्यकशाळेत शिरला आणि गरजला.

ही शाळा काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. आपापल्या गावी वैद्यकी शिकून झालेली निवडक तीस मुलं इथे वरच्या विद्येसाठी तीन वर्षं राहत. शिकवणारे दोघे. थोरले गहनशास्त्री आणि धाकटे सदोबा वैद्य.

गहनशास्त्री शांतपणे पुढे झाले. त्यांनी एक पितळी पेटी उघडली. "महाराज, हे मुलांचे अभिप्राय. तिसांपैकी तीस जण लिहितात, शिकवणं उत्तम! दोष त्या पोराच्या डोक्यात आहे, आमच्या शिकवण्यात नाही."

उत्तम लिहितील नाही तर काय करतील? पेटी शास्त्रीबुवांची. पेटीची किल्ली शास्त्रीबुवांच्या जानव्याला. आणि शेवटी वैद्यकीची पगडी कुणाच्या डोक्यावर ठेवायची, हे ठरवणारेही शास्त्रीबुवाच! वाईट लिहून पगडी घालवायला कुणाला हौस आलीय?

दारात घागर घेऊन उभी असलेली हौसा खुदकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. हौसा. इथलं पाणी भरते."

"हसायला काय झालं?"

"पेटी बघून हसू आलं. मुलांच्या मनातलं त्या पेटीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे."

प्रचंडदेव हट्टी म्हणून सात मुलखांत प्रसिद्ध. त्याने तिथेच मांडी ठोकली. "मग ऐक! गुरूविरुद्ध जो बोलेल किंवा लिहील, त्याची पगडी गेली, हा आमच्या आजोबांचा कायदा. तो मी मोडणार नाही. मुलांनी तोंड उघडायचं नाही, लेखणी उचलायची नाही, आणि त्यांचं खरं मत तीन दिवसांत मला कळलं पाहिजे! नाही कळलं तर शाळेला कुलूप. मुलं घरी, आणि तू हत्तीखान्यात!"

तीस चेहरे खर्रकन उतरले. "मावशी, हे काय करून बसलीस!" एक जण पुटपुटला. हौसाने घागर खाली ठेवली. ती म्हणाली, "कबूल! फक्त महाराजांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर अंगणात बसायचं."

शाळेत दोन दालनं होती, दोन्हींच्या दारात एकेक रांजण. तास चालू असताना बाहेर पडायला एकाच कामासाठी मुभा असे, पाणी प्यायला. तहानलेल्याला अडवणं पाप ना!

सकाळी हौसाने दोन्ही रांजण काठोकाठ भरले. तास सुरू झाले. गहनशास्त्र्यांच्या दालनातून एक मुलगा आला. मागोमाग दुसरा. मग चौघे. घोट घोट पाणी पीत, आभाळाकडे बघत, पाय ओढत ते परत जात. दुपारपर्यंत हौसाने तो रांजण तीनदा भरला. सदोबांच्या रांजणावर मात्र सकाळी पडलेलं कडुनिंबाचं पान तसंच तरंगत होतं.

"बघा महाराज. कुणी बोललं नाही, कुणी लिहिलं नाही."

गहनशास्त्री लालबुंद झाले. "माझ्या दालनावर ऊन येतं! पोरांना तहान लागणारच!"

"मग उद्या दालनं बदला," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा सावलीत गेले, सदोबा उन्हात. तहानही शास्त्रीबुवांच्या मागोमाग सावलीत गेली! उन्हातल्या रांजणावर सकाळी पडलेलं पान हललं नाही.

शास्त्रीबुवा हार मानणारे नव्हते. "महाराज, माझी विद्याच प्रखर! ही ज्ञानाची तहान आहे!"

"ज्ञानाची असती तर मुलं आत बसली असती, शास्त्रीबुवा! बाहेर कशाला आली असती?"

राजाला हसू आलं, पण त्याने मिशी ताठ ठेवली. "पोरं आळशीही असतील. मी वाळवंटात दोन दिवस पाण्यावाचून घोडा दौडवलाय. उद्या मीच तासाला बसतो. मला तहान लागली तर तुझं खरं!"

तिसऱ्या दिवशी राजा मुलांच्या रांगेत बसला. गहनशास्त्र्यांनी वीस वर्षांपूर्वीची पिवळी पोथी उघडली आणि ते मान वर न करता वाचायला लागले, "आता ज्वराच्या एकोणसत्तराव्या उपप्रकाराचा चौथा पोटभेद..."

राजाने एक जांभई दाबली. दुसरी दाबली. मांडी बदलली. छताच्या तुळयांची गणती केली. शेजारच्या मुलाला कुजबुजून विचारलं, "रोगी कधी दाखवतात?"

मुलाने नुसतेच हात जोडले.

"...आता पाचवा पोटभेद..."

"पाणी!" राजा ओरडला, आणि दुखरा पाय विसरून दारात धावला. पाहतो तर रांजण पालथा! शेजारी हौसा कमरेवर हात ठेवून उभी.

"पाणी संपलं, महाराज. आत जाऊन बसा."

"नको गं बाई! काय हवं ते माग, पण मला परत आत पाठवू नकोस!"

"शाळा चालू राहू दे. आणि माझ्या खेपा तेवढ्या वाचवा. ज्यांच्या तासाला रांजण रिकामा होईल, त्यांनीच विहिरीवरून पाणी आणून तो भरावा."

राजा असा खदखदून हसला, की सदोबांच्या वर्गातली मुलंसुद्धा प्रथमच बाहेर डोकावली! त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, आणि अभिप्रायांच्या पेटीत तिला यापुढे विड्याची पानं ठेवायला सांगितलं.

नव्या हुकुमाच्या पहिल्या दिवशी गहनशास्त्र्यांनी विहिरीवर सात खेपा घातल्या. आठव्या दिवशी पिवळी पोथी कपाटात गेली आणि वर्गात एक खोकणारा म्हातारा येऊन बसला. महिनाअखेर त्यांच्याही रांजणावर कडुनिंबाचं पान तरंगायला लागलं.